विसरू नये म्हणून काय करावे?

भूमितीच्या पेपरला कंपासपेटी घरी राहिली, प्रयोगवही नेमकी तपासणीच्या दिवशी टेबलावरच राहिली, सहलीचे संमतिपत्र दप्तरात असूनही बाईंना द्यायचे राहिले, असे प्रसंग तुमच्यापैकी बहुतेकांवर आले असतील. अशा वेळी घरी आणि शाळेत एकच शेरा मिळतो : "किती वेंधळा आहेस!" पण हा केवळ वेंधळेपणा असेल, तर ज्यांना कोणीही वेंधळे म्हणणार नाही अशा निष्णात माणसांच्या हातून तीच चूक का होते? हा प्रश्न आपण शास्त्रीय दृष्टीने तपासून पाहू.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, राइट फील्ड या लष्करी विमानतळावर बोइंग कंपनीच्या नव्या, चार इंजिनांच्या बाँबफेकी विमानाची चाचणी होती. त्याचे नाव 'मॉडेल २९९'. वैमानिक मेजर प्लॉयर हिल अनुभवी होते. विमान धावपट्टीवरून उठले, फारच उभ्या चढाने वर गेले आणि खाली कोसळून पेटले. हिल आणि बोइंगचे मुख्य चाचणी-वैमानिक लेस टॉवर या दोघांना प्राण गमवावे लागले. चौकशीत इंजिनाचा काही दोष आढळला नाही. विमान जमिनीवर उभे असताना त्याचे हलते पंखे वाऱ्याने आपटू नयेत, म्हणून ते खीळ घालून जखडून ठेवतात. उड्डाणापूर्वी ही खीळ काढायची राहून गेली होती!

यावर उपाय काय? वैमानिकांना आणखी शिक्षण द्यावे, तर मुळातच उत्तम वैमानिक निवडलेले होते. मग वैमानिकांनी एक साधी गोष्ट केली. उड्डाणापूर्वी, उड्डाणात, विमान उतरवण्यापूर्वी आणि उतरल्यावर काय काय पाहायचे, याच्या छोट्या याद्या त्यांनी तयार केल्या. हेच विमान पुढे 'बी-१७' या नावाने प्रसिद्ध झाले आणि तशी बारा हजारांहून अधिक विमाने बनली. आजही हजारो तास उड्डाण केलेला वैमानिक प्रत्येक उड्डाणापूर्वी यादी वाचतोच. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

याचे कारण आपल्या स्मृतीच्या रचनेत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली दाखवून दिले, की माणूस एका वेळी सुमारे सातच सुट्या गोष्टी मनात धरू शकतो. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी हा आकडा चारच्या आसपास असल्याचे मत मांडले. शिवाय आठवण दोन तऱ्हेची असते. "पानिपतची तिसरी लढाई केव्हा झाली?" असे कोणी विचारले, की तो प्रश्नच १७६१ या उत्तराला हाक मारतो. पण सकाळी साडेसहाला "कंपासपेटी घेतलीस का?" असे विचारायला कोणी नसते. योग्य क्षणी काम आपले आपणच आठवावे लागते. त्यातच कोणी हाक मारली किंवा फोन वाजला, तर मधली एक पायरी सहज गळून पडते. म्हणून इतिहासात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा मुलगाही डबा विसरू शकतो.

यादीचा उपयोग रुग्णालयांतही करून पाहण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी क्षणभर थांबून ती मोठ्याने तपासायची. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत तिची चाचणी झाली. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, तर गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर आले.

पण येथेच थांबू नका. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेथे यादी लागू केल्यावर लक्षणीय फरक आढळला नाही. असे का, याविषयी तज्ज्ञांत बरीच चर्चा झाली. यादीवर नुसत्या बरोबरच्या खुणा करणे निराळे आणि थांबून खरोखर पाहणे निराळे, हा त्या चर्चेतला एक महत्त्वाचा मुद्दा होता.

खरोखर पाहिले जावे यासाठी जपानी रेल्वेने एक युक्ती वापरली आहे. तेथील चालक सिग्नलकडे बोट दाखवतो आणि तो काय आहे हे मोठ्याने म्हणतो. जपानच्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेत १९९४ साली याची चाचणी झाली. एक साधे काम नुसते करताना दर १०० कृतींमागे २.३८ चुका होत होत्या. बोट दाखवून, मोठ्याने म्हणून केल्यावर त्या ०.३८ वर आल्या.

आता हे तुमच्या दप्तराला कसे लागू करायचे ते पाहा.

१. पाच-सहा ओळींचीच यादी करा : वह्या, पुस्तके, कंपासपेटी, डबा, पाण्याची बाटली, द्यायचे कागद. लांबलचक यादी कोणी वाचत नाही. ती दप्तर ठेवता त्या जागीच चिकटवा.

२. दप्तर रात्रीच भरा. एखादी वस्तू सापडली नाही, तर रात्री शोधायला वेळ असतो, सकाळी नसतो.

३. "नंतर भरीन" असे म्हणू नका. "जेवणानंतर ताट उचलून ठेवले, की दप्तर भरीन" असे ठरवा. रोज हमखास घडणारी गोष्टच मग आठवण करून देते.

४. प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवा आणि तिचे नाव घ्या. भावंडे हसतील, हसू द्या.

ही सवय किती दिवसांत लागेल? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात कृती अंगवळणी पडण्याचा मध्यक ६६ दिवस आला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडले नाही. तेव्हा आठवड्यात सवय लागली नाही म्हणून सोडून देऊ नका.

शिक्षकांच्या मदतीने याचा प्रयोग वर्गातच करता येईल. पहिले दोन आठवडे प्रत्येकाने रोज विसरलेल्या वस्तूंची नोंद ठेवावी. नंतर चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने यादी वापरावी, दुसऱ्याने फक्त नोंद ठेवावी. दुसरा गट हवाच, कारण नुसती नोंद ठेवल्यानेही माणूस सावध होतो. आणखी दोन आठवड्यांनी दोन्ही गटांचे आलेख काढून तुलना करा. नोंद प्रामाणिक व्हावी म्हणून विसरल्याबद्दल त्या काळात कोणालाही शिक्षा नसावी.

फरक दिसला तर यादी पुढे चालू ठेवा. दिसला नाही, तर यादीत कोठे चुकले ते शोधा आणि ती बदला. वैमानिकांच्या याद्याही अनुभवाने अशाच सुधारत गेल्या आहेत.