पोलंडांतील लहान धंदेवाईक आणि सरकार

एखादा देश सरकारी मक्तेदारी सोडून खुल्या बाजाराकडे वळला, म्हणजे चर्चा होते ती मोठ्या कारखान्यांची. पण श्रोतेहो, तेथील शिंप्याचें, बेकरीवाल्याचें काय होतें? पोलंडचें उदाहरण या बाबतींत पाहण्याजोगें आहे.

तेथील साम्यवादी सरकारनेंच, आपल्या अखेरच्या दिवसांत, २३ डिसेंबर १९८८ रोजीं एक कायदा केला. त्याचे प्रवर्तक उद्योगमंत्री विल्चेक हे स्वतः कारखानदार होते. कायदा अवघ्या ५४ कलमांचा. आशय असा, कीं धंदा करण्याची सर्वांस समान मुभा आहे, आणि जें निषिद्ध नाहीं तें करण्यास हरकत नाहीं. परवाना लागे तो केवळ ११ प्रकारच्या धंद्यांस. इतरांनीं नोंद केली कीं पुरे. १ जानेवारी १९८९ पासून हा कायदा अमलांत आला, आणि वॉर्साच्या रस्त्यांवर घडीच्या खाटा मांडून लोक माल विकूं लागले.

परंतु मुभा मिळाली म्हणून भांडवल मिळतेंच असें नाहीं. जानेवारी १९९० मध्यें किंमती एका महिन्यांत सुमारें ८० टक्क्यांनीं चढल्या. मध्यवर्ती बँकेचा व्याजाचा दर ३६ टक्के झाला, आणि तोही वर्षाचा नव्हे, महिन्याचा! वर्षअखेर बेकारांची संख्या ११ लाखांवर गेली. अशा माणसास धंदा काढण्याची बंदी नव्हती. पण तारणावांचून त्याला कर्ज कोण देणार?

ही उणीव भरून निघावयास काळ लागला. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास, अमेरिकेच्या सरकारी पैशानें स्थापन झालेल्या एका निधीनें 'फुंदुश मिक्रो' ही संस्था काढली. ती तारणाऐवजीं परिचितांच्या लहान गटाची परस्पर जामीनकी घेई. आपल्या सहकारी पतपेढीच्या सभासदास ही युक्ति परकी वाटूं नये.

सरकारी यंत्रणाही उभी राहिली. १९९५ मध्यें लघुउद्योगांसाठीं एक प्रतिष्ठान निघालें; १ जानेवारी २००१ रोजीं त्याचें रूपांतर सरकारी उद्योगविकास संस्थेंत झालें. योगायोग असा, कीं त्याच दिवशीं विल्चेक यांच्या कायद्याची जागा नव्या कायद्यानें घेतली. मधल्या काळांत परवान्यांची यादी पुष्कळच वाढली होती. एका हातानें मदत आणि दुसऱ्या हातानें अडवणूक, याला धोरण म्हणणें कठीण आहे.

त्या मानानें २००५ ची सवलत मला शहाणपणाची वाटते. नव्या धंदेवाल्यास दोन वर्षें सामाजिक विम्याची वर्गणी कमी पडते. २०१८ पासून तर आरंभींचे सहा महिने ती मुळींच द्यावी लागत नाहीं. कोणाच्या शिफारशीची गरज नाहीं. मात्र कालपर्यंत ज्याची नोकरी केली त्या मालकाचेंच तेंच काम आज धंदा म्हणून करणाऱ्यास ती मिळत नाहीं. नाहीं तर मालकांनीं नोकरांनाच धंदेवाईक करून आपली वर्गणी वांचविली असती.