सेल्फ फिरतो, पण ट्रॅक्टर चालू होईना

प्रवरानगरला सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला, तेव्हा गाडीला बैल जुंपले की ऊस निघे. पुढे ट्रॅक्टर आला आणि त्याचे रुसवे-फुगवेही आले. डिसेंबर-जानेवारीत नगर जिल्ह्यात पहाटे चांगलाच गारठा असतो. ट्रॉली भरून उभी, ड्रायव्हर सेल्फवर सेल्फ मारतोय, इंजिन गरागरा फिरतं पण चालू होत नाही. तोडलेला ऊस मात्र वाळत राहतो. वजनही घटतं, साखरही घटते.

अशा वेळी आधी सेल्फ मारणं थांबवावं. एका दमात १० सेकंदांच्या वर मारू नये, नाहीतर चांगली बॅटरी उतरते आणि एका दुखण्याची दोन होतात. सेल्फ जोरात फिरतोय याचा अर्थच बॅटरी धड आहे. (कण्हत फिरला तर टर्मिनलं घासून घट्ट करा.) मग इंजिन बंद करायचा दांडा पूर्ण आत गेलाय का पाहा. हसू नका. दांडा ओढलेला राहिला की डिझेल बंद, आणि मेकॅनिकला फुकटचा हेलपाटा.

आता सायलेन्सरकडे पाहायला एकाला उभं करा. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबानं तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. सेल्फ मारताना धूर मुळीच नसेल तर डिझेलच पोचत नाही. पांढरा धूर असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. याला कारण गारठा, डिझेलातलं पाणी किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन. हीटर असल्यास तो तापू द्या. पेट्रोलचा बोळा हवेच्या वाटेला धरणं किंवा चेंबरखाली जाळ करणं हे उद्योग करू नयेत.

धूर नसेल तर टाकी, कॉक, टाकीच्या झाकणाचं भोक आणि फिल्टर पाहा. बहुतेकदा लाइनीत एअर धरलेली असते, विशेषतः टाकी कोरडी पडली असेल तर. ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू थोडा ढिला करून फीड पंपाचा हातदांडा मारत राहा. आधी फेस, बुडबुडे येतील. स्वच्छ डिझेल येऊ लागलं की स्क्रू कसा. मग तसंच मोठ्या पंपावर. टाकीकडून इंजिनाकडे, हा क्रम मोडू नका. पुन्हा पुन्हा एअर धरत असेल तर पंपाच्या ओढीकडच्या जोडातले वायसर तपासा; तिथे बाहेर थेंब न गळताही हवा आत शिरते. इंजेक्टरच्या नळ्यांना मात्र हात लावू नये, तो फवारा कातडी फोडून आत जातो. तिथून पुढे मेकॅनिकच बरा.

घरच्या पेट्रोल जीपगाडीचं वेगळं. तिला ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही पाहावं लागतं. सेल्फ मारून पेट्रोलचा भपका आला तर गाडी ओव्हरफ्लो झाली असेल किंवा प्लगला ठिणगी नसेल. वासच नसेल तर पेट्रोलची वाट तपासा. आजच्या गाड्यांत चावीतली चिप ओळखली गेली नाही तरी सेल्फ फिरूनही इंजिन चालू न होण्याचा प्रकार घडतो, तेव्हा दुसरी चावी लावून पाहावी.