दुसरे टोक

निवृत्त शल्यविशारदाला भेटणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो : ‘डॉक्टर, आता वेळ कसा घालवता?’ मी खरे उत्तर दिले की समोरचा क्षणभर गप्प होतो. मी बिलियर्ड्स व स्नूकरच्या काठ्या, म्हणजे क्यू, दुरुस्त करतो. आणि तेही लोखंड कातण्याच्या जुन्या लेथवर.

स्नूकर हा खेळ १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते ठरले. छावणीचे गाव असलेल्या आपल्या बेळगावातही या खेळाचे वेड जुने आहे. मात्र क्यूचे टोक झिजले, पितळी टोपण सैल झाले, की दुरुस्तीसाठी ती परगावी धाडावी लागे. हात थरथरू लागण्यापूर्वीच शस्त्रक्रिया थांबवायच्या, असे मी ठरवले होते आणि तसे केलेही. पण चाळीस वर्षे कामाची सवय जडलेले हात रिकामे बसेनात. अशा वेळी उद्यमबागेतील एका बंद पडलेल्या कारखान्याचा साडेचार फुटी लेथ भंगाराच्या भावात मिळाला आणि तो मी गॅरेजमध्ये आणून बसवला.

लेथच्या स्पिंडलचे बोअर अडतीस मिलिमीटरचे होते. क्यूची जाड मूठ तीस मिलिमीटरच्या आत असते. संपूर्ण क्यू आरपार जाते, आणखी काय हवे, असे मला वाटले. माझे भूलतज्ज्ञ मित्र, ज्यांच्या भरवशावर मी तीस वर्षे निर्धास्तपणे शस्त्रक्रिया केल्या, त्यांनी आपली जुनी क्यू विश्वासाने माझ्या हाती दिली. काम किरकोळ होते : नवे टोपण बसवायचे. मी टोकाची बाजू चकमध्ये धरली, मूठ हेडस्टॉकच्या मागे मोकळी सोडली आणि मोटर सुरू केली. मागे जवळजवळ तीन फूट काठी लोंबत होती, तिच्याकडे माझे लक्षच नव्हते. वेग वाढताच ते टोक चाबकासारखे भिरभिरले, मोठा आवाज झाला, आणि क्यूचे दोन तुकडे झाले. मागे कोणी उभे नव्हते, हे नशीब.

मित्राला सांगताना जीभ जड झाली. ते शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, कन्सेंट मीच दिली होती की. आता पेशंटला टेबलावरून उठवा म्हणजे झाले.”

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका वृद्ध टर्नरमामांना बोलावले. तुकडे पाहून ते म्हणाले, “काय ओ डॉक्टरसाहेब, एकच टोक धरून ऑपरेशन करता काय?” मी खजील झालो. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर करावेत, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवले होते आणि स्वतःच विसरलो होतो.

त्यानंतर लेथची खरी तयारी सुरू झाली. स्पिंडलच्या मागच्या तोंडावर एक बुश बसवला. त्यात चार स्क्रू घातले आणि त्यांच्या टोकांना नायलॉन लावले, म्हणजे काठी तेथेही मध्यावर धरली जाते. त्यापलीकडे, स्पिंडलच्याच उंचीवर, बॉलबेअरिंग बसवलेला लाकडी स्टँड उभा केला आणि फिरणाऱ्या काठीभोवती प्लास्टिकच्या पाइपचे कवच घातले. चकचे पोलादी जबडे लाकूड चेपतात, म्हणून चिरलेले नायलॉन बुश त्याच लेथवर कातून घेतले. क्यू निमुळती असते. सरळ भोकाचा बुश तिला एकाच कडेवर धरतो. त्यासाठी बुशांनाही किंचित उतार द्यावा लागला. व्हीएफडी बसवल्यापासून घरच्या सिंगल फेजवर मोटर चालते आणि वेग हळूहळू घेते.

लोखंडाची हत्यारे लाकडाला चालत नाहीत; धार बोथट असेल तर अ‍ॅश लाकडाचे तंतू कापले न जाता उखडतात. मी हायस्पीड स्टीलचे टूल तेलदगडावर शस्त्रासारखे पाजळतो. लेथचे तेल लाकडाला लागले तर डाग पडतो आणि डिंक धरत नाही. उलट लाकडाचा भुसा बेडवरचे तेल शोषून घेतो व लोखंडाला गंज आणतो. म्हणून आधी बेड कोरडा पुसणे, नंतर भुसा खेचून घेऊन पुन्हा तेल देणे, हा नेम कधी चुकवत नाही. तोंडावर मास्क असतो. हातमोजे आणि फडके फिरत्या चकपासून दूरच.

सारी तयारी होईपर्यंत चार महिने गेले. मग त्या दोन तुकड्यांची तुटलेली तोंडे काटकोनात कापली, दोन्हीकडे मध्यावर भोके पाडली आणि पितळी जोड बसवला. एपॉक्सीला पूर्ण एक दिवस दिला, घाई केली नाही. शेवटी जोड लाकडाशी इतका समतल कातला की बोट फिरवले तर सांधा लागू नये. लांबी मात्र दीड इंच कमी झाली. नियमाला त्याची अडचण नव्हती, कारण क्यू तीन फुटांहून आखूड नसावी एवढाच नियम आहे. पण मनाला ती टोचत होती. मित्राने ती हातात तोलून पाहिली आणि म्हणाले, “वयाने मीही तेवढाच आखडलो आहे. जोडी जमली.” आजही ते तीच घेऊन खेळतात.

आता कोणतीही काठी चढवली की मोटरच्या बटणाला हात लावण्यापूर्वी मी लेथच्या मागे जाऊन दुसरे टोक तपासतो. आपल्या व्यवसायातही नजर बहुधा जखमेवरच असते. रुग्णाचे दुसरे टोक म्हणजे त्याचे घर, त्याची रात्र, त्याची सोबत. ते कोणी धरले आहे, हे मी किती जणांना विचारले होते? तरुण सहकाऱ्यांनी तो प्रश्न वेळीच विचारावा, एवढ्यासाठीच हा लेख.