साडेबावीसपट सरडा

बागेत मांडायच्या छोट्या रेल्वेत दोन रुळांमधलं अंतर बहुधा ४५ मिलिमीटर असतं. न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी नावाची अशी गाडी बाजारात आणली, तिचं प्रमाण १ : २२.५. आता ४५ ला साडेबावीसने गुणा. उत्तर येतं जवळपास एक मीटर, म्हणजे आपली मीटरगेज! १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड-हैदराबाद गाडी सुरू झाली, ती याच गेजवर. जालना स्टेशनातून ती १९९० च्या दशकात ब्रॉडगेज येईपर्यंत धावत होती. जालन्यातल्या एखाद्या अंगणात हा ट्रॅक टाकला, तर आजोबांच्या वेळची लाइनच मापात परत येते.

पण गाडी लहान झाली, तरी अंगणातले प्राणी लहान होत नाहीत. खरी गंमत इथे आहे. शेपटीसकट एक-सव्वा फुटाचा सरडा छोट्या प्रवाशांच्या हिशेबाने आठ मीटरच्या आसपास भरतो. प्लॅटफॉर्मवर उतरलेली साळुंकी पाच मीटर लांब. मुंगळा चांगला वीतभर. आणि दोन मीटरची धामण आडवी आली, तर ४५ मीटर, म्हणजे दोन डब्यांहून लांब!

यांना गाडीशी काही देणंघेणं नसतं. खडीच्या फटींत ओल टिकते, म्हणून किडे येतात. किड्यांमागे सरडा येतो. त्याला स्वतःचं अंग तापवता येत नाही. उन्हात चटकन गरम होणारा रूळ सकाळी त्याला सोयीचा. विणीच्या दिवसांत नराचं डोकं-गळा लालबुंद होतो. मग उंच जागा गाठून तो पुढच्या पायांवर जोर काढतो: ही हद्द माझी. स्टेशनचं छप्पर त्याला त्यासाठीच हवं असतं. मुंग्या एखाद्या कडेच्या आधाराने चालणं पसंत करतात, आणि रुळासारखी सरळ, न संपणारी कड त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार?

पाऊस पडला की वाणी (मिलिपीड) निघते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तिची ओळख सांगायला नको. कोवळं सोयाबीन कुरतडणारी तीच. चाकाखाली ती चिरडली की रूळ बुळबुळीत होतो आणि इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. हसू नका, जपानात खऱ्या गाड्या अशा अडल्या आहेत. तिथल्या डोंगराळ भागात एका जातीची वाणी दर आठ वर्षांनी झुंडीने बाहेर पडते. १९२० मध्ये तिने रेल्वे थांबवली, तेव्हापासून तिचं नावच ‘रेल्वेची वाणी’ पडलं. २०१९ मध्ये तर जपानातच विजेच्या यंत्रणेत शिरलेल्या एका शेंबड्या गोगलगायीमुळे २६ गाड्या रद्द झाल्या.

राहिला बोगदा. अंधारा, गार, दोन्हीकडून उघडा. उंदीर-बेडकांना असा आडोसा आवडतो आणि त्यांच्यामागून साप येतो. जालन्याच्या शिवारात नाग, मण्यार, घोणस सगळेच आहेत. तेव्हा अडकलेला डबा काढायला बोगद्यात हात घालू नका. आधी लांबून बॅटरी मारून बघा, आणि आत कुणी दिसलंच तर गाडी तशीच राहू द्या, सर्पमित्राला फोन करा.