चाकाची पकड

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रेल्वे इंजिनावर लेख लिहावा हा थोडा आगाऊपणाच. पण गोव्याकडून कोळसा घेऊन घाट चढणारी मालगाडी ज्याने कॅसलरॉकच्या फलाटावरून एकदा पाहिली असेल, त्याला माझे कुतूहल समजेल. गाडी दिसण्यापूर्वी बराच वेळ ऐकू येते. मग दोन-तीन इंजिने, त्यांच्यामागे पन्नासाहून अधिक वाघिणी, आणि गाडी संपली असे वाटते तोच मागून रेटणारी आणखी दोन-तीन इंजिने. वेग म्हणाल तर सायकलस्वाराचा. प्रत्येकी चार हजार अश्वशक्तीची एवढी इंजिने लावूनही गाडी अशी रखडत का चालते? आणि मुळात एवढी इंजिने लागतात तरी कशाला?

हिशेब करून पाहू. कुळे ते कॅसलरॉक हा घाट सुमारे २६ किलोमीटरचा आणि त्याची चढण ३७ स एक, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. अशा चढणीवर दर ३७ टन वजनामागे एक टन ओढ केवळ गाडी मागे घसरू नये म्हणून लागते. भरलेली वाघीण सुमारे ८१ टनांची. ५८ वाघिणींचे वजन ४,७०० टनांच्या घरात जाते, म्हणजे १२७ टनांची ओढ नुसत्या चढणीलाच हवी. घर्षण आणि वळणांचा अडथळा वेगळा. शिवाय इंजिन स्वतः १२६ टनांचे. त्यालाही स्वतःला वर न्यावे लागतेच. सतत चालताना असे एक इंजिन सुमारे ४० टनांची ओढ देते. चार इंजिनांत हा हिशेब कसाबसा बसतो; पाचवे पावसासाठी समजा. सगळी इंजिने पुढेच जोडली तर पहिल्या काही वाघिणींच्या कपलिंगवर साऱ्या गाडीचा ताण येऊन ती तुटायची भीती, म्हणून काही मागे जोडायची.

या हिशेबात अश्वशक्ती कुठेच आली नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. अश्वशक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. तीच शक्ती कमी वेगात वापरली तर ओढ वाढते, पण किती वाढावी याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा इंजिनाच्या पोटात नसून चाक व रूळ यांच्यामध्ये असते. पोलादावर पोलाद टेकते ती जागा जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी. तिथली पकड सुटली की चाक जागच्या जागी फिरू लागते. मग चार हजार काय आणि दहा हजार काय, सारखेच! दूधसागरच्या परिसरात पावसाळ्यात रूळ चार-चार महिने ओले असतात. म्हणून इंजिनात वाळूच्या पेट्या असतात आणि चालक गरज पडेल तेव्हा चाकांपुढे वाळू सोडतो.

डिझेल इंजिन म्हटले की डिझेलचे यंत्रच चाके फिरवते, असा समज असतो. वस्तुतः तसे नसते. ते यंत्र जनित्र फिरवते, जनित्राची वीज आसांवर बसवलेल्या मोटारींकडे जाते, आणि चाके फिरवतात त्या मोटारी. ट्रकासारखा गिअर हजारो अश्वशक्तीला पुरा पडणे कठीण, म्हणून ही योजना. थोडक्यात, मालगाडीचे डिझेल इंजिन म्हणजे चाकांवरचे छोटेसे वीजकेंद्रच. खरा प्रश्न उरतो तो मोटारीचा.

आपल्याकडे डिझेल युगाचा पाया घातला तो अमेरिकेतील अल्को कंपनीच्या नमुन्याच्या डब्ल्यूडीएम-२ या इंजिनाने. १९६२ मध्ये ती आयात झाली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. २,६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन, सुरुवातीची ओढ ३० टनांच्या आसपास, म्हणजे वजनाच्या पाव भागाहून थोडी अधिक. तिच्या मोटारी एकदिश प्रवाहाच्या होत्या. या मोटारीचा दोष असा की चाक घसरले आणि भार हलका झाला की ती आणखी जोरात फिरते. दोर तुटल्यावर विहिरीवरचा रहाट जसा भणाणतो तसे चाक भणाणते. शिवाय कमी वेगात जड ओझे फार वेळ ओढले तर मोटार तापून जळण्याचा धोका असे. म्हणजे घाटात नेमके जे करायचे, तेच तिला मानवत नसे. तरीही या इंजिनांनी दशकानुदशके देशाचा माल ओढला, हे विसरता येत नाही.

प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोटारीचे वागणे उलट. तिच्यात एक चुंबकीय क्षेत्र ठरलेल्या वेगाने गोल फिरत असते आणि मोटारीचा गाभा त्याच्या किंचित मागे राहून धावतो. त्या मागे राहण्यातूनच ओढ निर्माण होते. चाक घसरून गाभ्याने क्षेत्राला गाठले की ओढ आपोआप नाहीशी होते आणि चाक पुन्हा रूळ पकडते. कार्बनचे ब्रश नाहीत, त्यामुळे कुर्मगतीने चढतानाही मोटारीला धोका कमी. हे तत्त्व एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. अडचण एवढीच की क्षेत्राचा वेग क्षणोक्षणी बदलणारी विद्युत यंत्रणा इंजिनात मावेल अशी हवी होती. ती जमली विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९९३ पासून अमेरिकेत बर्लिंग्टन नॉर्दर्न या रेल्वेने जनरल मोटर्सची अशी इंजिने कोळशाच्या गाड्यांना जोडली, तेव्हा जुन्या पाच इंजिनांचे काम नवी तीन करू लागली. हिशेबनीसाला याहून गोड वाक्य ऐकवता येणार नाही.

भारताने १९९५ मध्ये जनरल मोटर्सशी करार केला. पहिली इंजिने १९९९ मध्ये आली आणि २००२ पासून वाराणसीत बनू लागली. हीच डब्ल्यूडीजी-४. सोळा सिलिंडर, चार हजार अश्वशक्ती आणि सुरुवातीची ओढ सुमारे ५४ टन. जुन्या इंजिनाशी तुलना करा: वजन वाढले बारा टक्क्यांनी, ओढ मात्र ऐंशी टक्क्यांनी. आपल्या भागातल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या जातीच्या इंजिनांचे पहिले घर हुबळीचे शेड. होस्पेटचे लोहखनिज खाली मुरगावला आणि मुरगावचा कोळसा वर बळ्ळारीच्या पोलाद कारखान्याकडे, ही ने-आण त्यांच्याच जिवावर वाढली. २०११-१२ मधील खाणबंदीनंतर खनिज आटले, तरी कोळसा चढतच राहिला. घाटातला मार्ग एकेरी. दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीवविषयक मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. ते जंगल ज्याने पाहिले आहे, त्याला यात वाईट वाटणार नाही. पण मग एकेका गाडीत जास्तीत जास्त माल कसा चढवायचा, हा प्रश्न इंजिनाच्याच गळ्यात पडतो.

उतरताना याच मोटारी जनित्र बनतात आणि गाडी रोखून धरतात. त्यातून निघालेली वीज इंजिनातच उष्णता करून वाऱ्यावर सोडली जाते. विजेचे इंजिन तीच वीज तारेत परत देऊ शकते. डिझेलच्या विरोधातला हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो.

तारा आता देशातल्या जवळजवळ सर्व ब्रॉडगेज मार्गांवर पोहोचल्या आहेत. पण २०१५ मध्ये बिहारमधील मढौरा येथे ४,५०० व ६,००० अश्वशक्तीची एक हजार डिझेल इंजिने बनवण्याचा करार झाला, आणि त्याच दशकात संपूर्ण विद्युतीकरणाचे धोरणही आले. रेल्वे डिझेल इंजिनाचे आयुष्य ३६ वर्षे धरते. आमच्या हिशेबशास्त्रात घसारा वर्षावर्षाने लावतात. इथे तर अर्धेही आयुष्य न संपलेली इंजिने कामाविना उभी राहण्याची पाळी! मढौऱ्याने २०२५ मध्ये आफ्रिकेतील गिनीला इंजिने पाठवायला सुरुवात केली, ही जमेची बाजू. खर्चाची बाजू मात्र अजून कोणी नीट मांडून दाखवावी अशी माझी इच्छा आहे.

घाटासाठी येणाऱ्या विजेच्या इंजिनांतही मोटारी याच प्रत्यावर्ती प्रवाहाच्या असतात. आणि वाळूच्या पेट्या त्यांनाही असतात. पावसाळ्याच्या तोंडावर त्या भराव्याच लागतात.