ताळा जमवणारी माणसं

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचं, म्हणजे टीसीएसचं मूळ शोधायला लोक नरिमन पॉइंटकडे बघतात. मला ते देवनारच्या शेजारी, टाटांच्या ट्रॉम्बे वीज केंद्राच्या तारांपाशी सापडतं.

फकीरचंद कोहली हे विजेचे इंजिनिअर. १९२४ साली पेशावरला जन्मले, एमआयटीत शिकले आणि १९५१ मध्ये टाटांच्या वीज कंपनीत आले. वीज सहजासहजी कोठारात भरून ठेवता येत नाही. मुंबई या घटकेला जेवढी मागेल तेवढी त्याच घटकेला तयार व्हावी लागते. हा हिशेब मांडायला कोहलींनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला संगणक वापरला. १९६८ मध्ये टाटांनी स्वतःचं संगणक केंद्र, म्हणजेच टीसीएस, काढलं आणि पुढे ते कोहलींच्या हाती आलं.

सुरुवातीची कामं वरवर रुक्ष होती: टिस्को या टाटांच्या पोलाद कंपनीसाठी पंचकार्डं, युनिट ट्रस्टची खाती, सेंट्रल बँकेच्या शाखांमधला ताळमेळ. या शेवटच्या कामाची थोरवी नीट सांगितली जात नाही. समजा, साताऱ्याच्या शाखेनं काढलेला ड्राफ्ट नागपूरला वटला. नोंद दोन्हीकडे झाली, पण त्या दोन नोंदींची गाठ पडेपर्यंत रक्कम अधांतरीच. अशा नोंदींचे ढीग साचत. ऐंशी रकान्यांच्या जाड कार्डावर एकानं भोकं पाडायची, दुसऱ्यानं तेच आकडे पुन्हा दाबून पडताळायचे, मग गठ्ठा यंत्रात जायचा. एक भोक चुकलं की ताळा जमत नसे. टीसीएसची शिस्त इथे घडली असं मला वाटतं; परदेशी गिऱ्हाइकं नंतरची.

ती गिऱ्हाइकंही टंचाईतूनच आली. बाहेरून संगणक आणायचा तर परकीय चलन कमवून द्यायची हमी लागे, वर जबर आयातशुल्क. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या बरोज कंपनीचं काम मिळालं: इस्पितळांच्या हिशेबाची प्रणाली त्यांच्या एका जातीच्या संगणकावरून दुसऱ्या जातीच्या संगणकावर न्यायची. बरोजचं यंत्र अजून मुंबईत पोचलं नव्हतं. आपल्या पोरांनी तिसऱ्याच, आयसीएल या ब्रिटिश कंपनीच्या यंत्रावर बसून भाषांतर करणारा प्रोग्रॅम लिहिला. हाताशी ते यंत्र नसताना केलेल्या त्या कामाचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढचा प्रवास भराभर झाला. १९७९ मध्ये न्यूयॉर्कला कचेरी, १९८१ मध्ये पुण्यात संशोधन केंद्र. १९९६ मध्ये एस. रामदोराई प्रमुख झाले. २००४ मध्ये समभाग बाजारात आला, ८५० रुपयांना एक. २०२२ पर्यंत कर्मचारी सहा लाखांवर गेले.

कोहलींना मात्र या आकड्यांनी समाधान नव्हतं. निवृत्तीनंतर ते प्रौढांना संगणकावरून वाचायला शिकवण्याच्या कामात गढले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी झटले. २०२० मध्ये ते गेले.

टीसीएसच्या मालकीचा धागाही देवनारलाच पोचतो. तिचे बहुतेक समभाग टाटा सन्सकडे आहेत, आणि टाटा सन्सचा सुमारे ६६ टक्के हिस्सा टाटांच्या धर्मादाय न्यासांकडे. त्यांतला एक सर दोराबजी टाटा न्यास. त्यानंच १९३६ मध्ये समाजकार्याचं विद्यालय काढलं. ते १९५४ मध्ये देवनारला आलं आणि आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून तिथेच उभं आहे, वीज केंद्रापासून थोड्याच अंतरावर.