भातसेचं नितळ पाणी आणि पिसाचा गळ

शहापूर-मुरबाडकडे मासे म्हटले की पहिल्या पावसातली वलगण आठवते. ओढे फुगतात, मासे शेतात चढतात आणि रात्रभर बांधाबांधावर बॅटऱ्या फिरत असतात. हिवाळ्यातल्या गळाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. माझं मत विचाराल तर नदी ओळखायची असेल तेव्हा डिसेंबर-जानेवारीसारखे महिने नाहीत. गाळ खाली बसलेला असतो, पाण्याचा तळ दिसतो आणि मासा कुठे थांबलाय हे काठावरूनही कळतं.

याच दिवसांत अमेरिकेत माणसं मांडीभर गार पाण्यात उभी राहून ट्राऊट नावाचा मासा पकडतात. त्या पद्धतीला फ्लाय फिशिंग म्हणतात. फ्लाय म्हणजे बारीक गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. आपल्या नेहमीच्या गळाला शिसं असतं, ते दोरी ओढत पुढे जातं. पिसाच्या किड्याला वजनच नाही, तो फेकणार कसा? म्हणून इथे वजन दोरीत असतं. औत हाकणारा आसूड कसा मागे घेऊन पुढे सोडतो, तशी ही दोरी हवेत मागे-पुढे उलगडायची आणि किडा शेवटी अलगद पाण्यावर टेकवायचा. मनगट सैल लागतं, घाई चालत नाही.

या छंदाशी आपल्या सह्याद्रीचंही जुनं नातं आहे. राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाचे थेंब सांडावेत तशा ठिपक्यांची पिसं असतात. एकोणिसाव्या शतकापासून ती इंग्लंड-स्कॉटलंडच्या गळांवर बांधली गेली, आणि त्यापायी हा पक्षी भारतात भरपूर मारला गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण मिळालं. गळ बांधणाऱ्याने घरच्या कोंबड्याचं पीस वापरावं, ते तितकंच चालतं.

ट्राऊट आपल्याकडे नाही आणि जगणारही नाही. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की तो कासावीस होतो. इंग्रजांनी तो काश्मीर आणि निलगिरीच्या थंड पाण्यात आणून सोडला. पण त्याच्या हिवाळी शिकारीमागचं तत्त्व आपल्या नदीलाही लागू पडतं. माशाचं रक्त पाण्याइतकंच गार. पाणी गार झालं की त्याची भूक मंदावते, तो धारेतून सरकून संथ खोल जागी तळाशी बसतो आणि भक्ष्यामागे धावत नाही. म्हणून ट्राऊटवाले हिवाळ्यात किडा तळालगत, धारेच्याच वेगाने वाहू देतात, आणि पहाटेऐवजी दुपार धरतात. आपल्याकडे गारठा तितका नसतो, तरी पात्रावर ऊन आल्याशिवाय मासा हलत नाही हे डोहावर बसणाऱ्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं.

आता आपल्या भातसा नदीकडे बघा. धरणातून मुंबईसाठी सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच वाहत पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथे उपसलं जातं. त्यामुळे मुरबाडची काळू हिवाळा सरता सरता डोहाडोहांत तुटत जाते, तेव्हा वासिंदजवळची भातसा वाहतीच असते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या नवाहो धरणाखालची सॅन वान नदी याच कारणाने ट्राऊटवाल्यांची पंढरी झाली: जलाशयाच्या तळातलं पाणी बारा महिने सारखं गार आणि धार कधी न तुटणारी. भातसेचं पाणी तितकं गार नाही, पण हिवाळ्यात वाहत्या धारेत गळ टाकता येतो, हे भाग्य कोकणातल्या फार थोड्या नद्यांच्या वाट्याला येतं.

काठी उचलण्याआधी मी एक गोष्ट करतो. उथळ खळाळात जाऊन एक दगड उलटा करतो. खालच्या बाजूला चपटे, तीन शेपट्यांचे किडे सरसरा पळतात. शेजारी वाळूचे कण चिकटवून केलेली, तांदळाच्या दाण्याएवढी नळी दिसते आणि तिच्यातून एक अळी डोकं काढते. माशांचं जेवण हेच. जो रंग आणि जो आकार दगडाखाली दिसेल, तोच गळावर बांधायचा.

हे किडे टिपणारे आपले बहुतेक मासे लहान आहेत, पण त्यांची नावं दूरवर गेली आहेत. 1839 साली इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं तेव्हा त्याने भोयांच्या तोंडची नावंच लॅटिनात घातली. दगडाला चिकटणारा मळ्या ‘मुल्या’ झाला. पृष्ठभागावर चमकणारे बारीक मासे ‘बालूकी’ आणि ‘अल्कूटी’ झाले. आपला महसीर ‘खुद्री’ झाला. जगभरचे शास्त्रज्ञ आजही ही मराठी नावं उच्चारतात.

महसीर हा फ्लायवाल्यांचा आपल्याकडचा मोठा ध्यास. तो किडे खातो, मासे खातो आणि काठावरून पडलेली उंबरंही खातो. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे इथे देवळाच्या डोहात त्याला कुणी हात लावत नाही. देवाचे मासे म्हणून लोक त्यांना खाऊ घालतात. तिळसे 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवून ठिकठिकाणच्या नद्या-तलावांत सोडली. देवाच्या नावाने राखलेला डोह आणि कंपनीची हौदातली पैदास, या दोन्हींनी मिळून हा मासा टिकवला, हे मला फार मोलाचं वाटतं.

जायचं असेल तर आधी गावात विचारा. जलाशयांचे ठेके मच्छीमार सोसायट्यांकडे असतात आणि तानसा अभयारण्यात गळ टाकता येत नाही. धरणाखाली पाणी अचानक वाढतं, पात्राच्या मधोमध उभे राहू नका. गळाच्या टोकामागचा उलटा दात पकडीने दाबून टाका, हात ओला करून मासा धरा आणि खायचा नसेल तर लगेच सोडा.

आणि एक विनंती. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणं 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, तरी डोह अजून फोडले जातात. एका स्फोटात पिल्लांसकट सगळा डोह संपतो आणि दगडाखालचे किडेही जातात. असा आवाज कानावर आला तर पोलीस पाटलाला सांगा, त्याच दिवशी.